जवानाने एसएसबी बोर्डाची तयारी कशी करावी

फौजेत बढती रांगेने मिळते. शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार, मग नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. प्रत्येक पायरीवर कॅडर (बढतीआधीचा कोर्स), परीक्षा, मेडिकल कॅटेगरी, स्वच्छ शीट रोल (नोकरीच्या नोंदींचा कागद) हे सगळं लागतंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढची जागा रिकामी व्हावी लागते. पोरगा कितीही तल्लख असो, नायब सुभेदार होईपर्यंत कानशिलं पांढरी व्हायला लागतात. या रांगेला वळसा घालणारी मोठी वाट म्हणजे नोकरीत असतानाच एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डासमोर जायचं आणि आर्मी कॅडेट कॉलेजमधून, म्हणजे एसीसीतून, लेफ्टनंट होऊन बाहेर पडायचं.

हे कॉलेज 1960 साली पुण्यात सुरू झालं, 1977 मध्ये देहरादूनला गेलं आणि आता तिथल्या इंडियन मिलिटरी अकादमीचाच एक विंग आहे. 3 वर्षं तिथे पदवीचा अभ्यास, कला किंवा विज्ञान, आणि त्यानंतर 1 वर्ष अकादमीत. बेळगावच्या मराठा सेंटरमधून, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून (लष्कराचं इंजिनिअर दल), नाशिक रोडच्या तोफखान्यातून निघालेली कितीतरी मुलं यासाठी पात्र असतात. अर्ज करणारी त्यातली थोडीच. बाकीच्यांना ही वाट माहीतच नसते, किंवा ‘आपलं इंग्रजी कुठं एवढं’ म्हणून ती सोडून देतात.

पहिलं काम हेड क्लार्ककडे

बारावी पास, वय 20 ते 27, किमान 2 वर्षं नोकरी, हा एसीसीचा ढोबळ हिशेब. वय आणि नोकरी कोणत्या तारखेला मोजायची हे त्या-त्या वेळच्या पत्रात दिलेलं असतं, ते स्वतः वाचा. बराकीत सांगोवांगी मिळालेल्या तारखेवर विसंबून राहू नका. सत्ताविशी उलटली असेल तर स्पेशल कमिशन्ड ऑफिसरची वेगळी योजना आहे, तिची अट ऑफिसात विचारा.

आता कागद. यात वाया जाणारी मुलं बोर्डात पडणाऱ्यांइतकीच असावीत असं मला वाटतं. दहावीच्या सर्टिफिकेटवर ‘पांडुरंग’, शीट रोलवर ‘पांडूरंग’. वडिलांचं नाव एका जागी पूर्ण, दुसऱ्या जागी नुसतं आद्याक्षर. लग्न झालं, पण त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सरकारी नोंद, निघालेली नाही. एरवी या गोष्टींकडे कोणी बघत नाही, पण अर्ज वर गेला की नेमक्या याच जागी लाल शाईची खूण येते. म्हणून जाहिरात निघायच्या निदान 6 महिने आधी हेड क्लार्क साहेबांकडे बसून नाव, जन्मतारीख, शिक्षण यांची सर्टिफिकेटशी अक्षर न् अक्षर ताडून घ्या. बारावीचं मूळ मार्कशीट गावाकडच्या ट्रंकेत असेल तर पुढच्या सुट्टीत घेऊन या.

त्याच सुमारास कंपनी कमांडर साहेबांना इंटरव्ह्यू मागा. अर्ज कमांडिंग ऑफिसरांच्या शिफारशीनेच पुढे जातो, आणि शिफारस करणाऱ्याला हा मुलगा सहा महिन्यांपासून तयारी करतोय हे ठाऊक असेल तर फरक पडतो. एक व्यवहाराची गोष्ट: तुमच्या सेक्शनच्या हवालदाराला ही बातमी दुसऱ्याकडून कळू देऊ नका. गार्ड ड्युटी आणि फटीग (अंगमेहनतीची कामं) तोच लावतो.

लेखी परीक्षा

इथे फार सांगण्यासारखं नाही. तर्कबुद्धी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बारावीच्या पातळीचे विषय. पुस्तकं बाजारात मिळतात. युनिटमध्ये आर्मी एज्युकेशन कोअरचा शिक्षक असेल तर त्याच्याकडे रोज तासभर बसा. एकच सूचना: इंग्रजीचा अभ्यास तोंडाने करा. पेपर पास होण्यापुरतं व्याकरण घोकलं की पुढे बोर्डात तोंड उघडत नाही, आणि ते आयत्या वेळी शिकता येत नाही. बराकीतला तमिळ किंवा मल्याळी दोस्त यासाठी उत्तम, कारण त्याच्याशी हिंदीत बोलून तुमचंही भागत नसतं.

बोर्ड नेमकं काय बघतं

लेखी पास झालात की 5 दिवसांचं बोलावणं येतं. भोपाळ, प्रयागराज, बंगळुरू अशा ठिकाणी ही सिलेक्शन सेंटरं आहेत. माणूस पारखण्याची ही रीत ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात बसवली आणि 1943 साली देहरादूनला तिचा प्रयोग झाला. मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा ग्रुप टेस्टिंग ऑफिसर म्हणजे जीटीओ, आणि मुलाखत घेणारा अधिकारी, असे तिघे तुम्हाला वेगवेगळे तपासतात. तिघांच्या नजरेत 15 गुणांची एकच यादी असते: समज, जबाबदारी, पुढाकार, धीर, गटाला बरोबर नेण्याची हातोटी वगैरे.

कॉलेजातून थेट येणाऱ्या मुलाला यातलं बरंच काही उसनं आणावं लागतं. तुमच्याकडे ते आहे. तुम्ही बर्फात पोस्ट राखली आहे, रात्री 2 वाजता पहाऱ्यावर एकटे उभे राहिला आहात, आजारी साथीदाराचा पिट्टू (पाठपिशवी) आपल्या पाठीवर घेतला आहे. अडचण दुसरीच आहे. हुकूम येईपर्यंत थांबायचं, हे फौजेने तुमच्या अंगात मुरवलं आहे, आणि ते मुरवणं बरोबरही होतं. बोर्डात मात्र हुकूम देणारा कोणी नसतो. छातीवर रँकऐवजी एक नंबर असतो, शेजारी 9 वर्षं नोकरी झालेला हवालदार असतो, तोही नुसता नंबरच. 3 वर्षांचा शिपाई त्याच्याकडे बघत बसतो की आधी हे बोलतील मग मी बोलेन. हवालदार म्हणतो, बघू पोरं काय म्हणतात. दोघंही घरी. तुमची तयारी म्हणजे मुख्यतः ही सवय मोडणं.

ती बोर्डाच्या आठवड्यात मोडत नाही. पलटणीत असतानाच अशी कामं मागून घ्या ज्यात ठरवायचं तुम्हालाच आहे: कंपनीच्या व्हॉलीबॉल टीमची व्यवस्था, बडा खान्याच्या (युनिटच्या सामूहिक जेवणाच्या) मांडवाचं काम, नव्या रिक्रूटांना शस्त्र शिकवणं. त्यात एखादी गोष्ट बिघडली आणि तुम्ही ती निस्तरली तर उत्तम. मुलाखतीत सांगायला तेच लागतं.

पहिला दिवस: स्क्रीनिंग

सकाळी बुद्धिमापनाची चाचणी, मग एक धूसर चित्र 30 सेकंद दाखवतात. त्यावर 4 मिनिटांत गोष्ट लिहायची, गटात मिनिटभर सांगायची आणि मग सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. हे शेवटचं पहिल्यांदा बघणाऱ्याला मासळीबाजारच वाटतं. यात दोन-तीन वेळा मुद्द्याचं बोललात आणि गप्प बसलेल्या एखाद्या नंबरला बोलायला वाव दिलात, एवढं पुरतं. गळा फाडून ओरडणारे दुपारच्या गाडीने परत जाताना दिसतात. मुद्दा बरोबर असूनही तोंड न उघडणारे त्यांच्याच डब्यात असतात.

दुसरा दिवस: कागदावरचा माणूस

12 चित्रांवर 12 गोष्टी, त्यातलं शेवटचं पान कोरं. 60 शब्द, प्रत्येकी 15 सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. 60 प्रसंग, त्यात काय कराल ते 30 मिनिटांत लिहायचं. शेवटी स्वतःचं वर्णन, 15 मिनिटं.

जवानांच्या गोष्टींचा एक ठरलेला रोग आहे: नायक नेहमी फौजी आणि समोर नेहमी अतिरेकी. चित्रात नदीकाठी दोन बायका बसल्या असल्या तरी तिसऱ्या ओळीत चकमक सुरू. तपासणाऱ्याला यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. साधी गोष्ट लिहा. पुराने गावाचा साकव वाहून गेला, नायक ग्रामपंचायतीत गेला, चार लोक जमवले, बांबू-दोर आणून तात्पुरती वाट केली, शाळेची मुलं दुसऱ्या दिवशी पलीकडे गेली. कोण, काय अडलं, त्याने काय केलं, काय झालं. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, पण गोष्ट अर्धी राहिली तर नाही चालत.

शब्दांच्या चाचणीत सुविचार लिहू नका. ‘डार्क’ शब्द आला की ‘अंधाराला घाबरू नये’ असं लिहिणारे शेकडो. ‘गस्तीची तुकडी रात्री होकायंत्रावर चालते’ हे वाक्य तुम्हीच लिहू शकता, कारण तुम्ही तसे चालला आहात.

प्रसंगांत जवान सापडतात ते वेगळ्याच ठिकाणी. समजा लिहिलंय: सुट्टीवर जाताना गाडीत त्याचं पाकीट आणि लीव्ह सर्टिफिकेट चोरीला गेलं, तेव्हा त्याने… दहातले सात जवान लिहितात, ‘वरिष्ठांना कळवलं.’ कळवणं चूक नाही, पण पुढे? असं लिहा: रेल्वे पोलिसांत तक्रार दिली, युनिटला फोन केला, डब्यातल्या दुसऱ्या जवानाकडून उसने पैसे घेतले, घरी पोचला, तक्रारीची प्रत घेऊन वेळेवर परतला. महिनाभर रोज 20 प्रसंग घड्याळ लावून लिहिले की हात बसतो.

स्वतःच्या वर्णनासाठी मात्र फोन करावा लागेल. आई-वडील, वरिष्ठ आणि मित्र तुमच्याबद्दल काय म्हणतात, तुम्हाला स्वतःबद्दल काय वाटतं, असे त्याचे भाग असतात. आईला, बायकोला, कंपनीतल्या जवळच्या दोस्ताला खरंच विचारा. ‘तू मध्येच तोंड घालतोस’ असं कोणी म्हणालं तर तेही लिहा, आणि त्यावर काय करताय तेही.

मैदानावरचे दोन दिवस

ताकदीची चिंता तुम्हाला नसावी. बीपीईटीत, म्हणजे फौजेच्या शारीरिक चाचणीत, 5 किलोमीटर धावणाऱ्याला आणि 9 फुटी खंदक उडी मारून ओलांडणाऱ्याला 3 मिनिटांतले 10 अडथळे जड नाहीत. फक्त कुठून सुरुवात करायची ते आदल्या रात्री ठरवा. कठीण अडथळ्यांना जास्त गुण असतात.

खरा कस गटाच्या कामांत लागतो. फळी, बल्ली (लाकडी वासा), दोर आणि एक ओझं घेऊन सगळ्या गटाने रेषेपलीकडे जायचं, लाल रंगाला हात लावायचा नाही, दोन कडक वस्तू एकमेकींना बांधायच्या नाहीत. सॅपर्सच्या जवानाला ही कोडी बघताक्षणी सुटतात, आणि तिथेच तो फसतो: फळी हातात घेतो, स्वतः पुढे जातो, मागे सातजण उभे. जीटीओला पूल बांधणारा नको आहे. ‘नंबर 4, बल्ली इथे टेक; नंबर 6, तू दोर धर’ असं म्हणणारा आणि नंबर 6 चं म्हणणं बरोबर निघालं तर आपलं सोडून ते उचलणारा हवा आहे. आवाज ड्रिल उस्तादाचा नको, शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी बोलता तसा.

कमांड टास्कमध्ये, म्हणजे तुम्ही म्होरके असता त्या कामात, दोन मदतनीस तुम्हीच निवडता. गाववाला म्हणून निवडू नका. या कामाला कोण योग्य ते बघा, जीटीओ ‘यालाच का?’ असं विचारू शकतो.

व्याख्यानासाठी कार्डावर 4 विषय, तयारीला 3 मिनिटं, बोलायला 3 मिनिटं. सगळ्यात भारी विषय घेण्याची गरज नाही. ज्यावर तीन मुद्दे सुचतात तो घ्या.

मुलाखत

पहिल्या दिवशी भरून दिलेला माहितीचा फॉर्म मुलाखत घेणाऱ्याच्या समोर असतो. त्यात ‘छंद: वाचन’ लिहिलंत तर शेवटचं पुस्तक विचारणारच. त्यापेक्षा गावच्या यात्रेत कुस्ती खेळत असाल तर कुस्ती लिहा, आणि मग कलाजंगचा डाव कसा टाकतात ते नीट सांगता आलं पाहिजे.

प्रश्नांची एक लांब माळ एका दमात सुटते: दहावीपासूनचे मार्क, ते कमी-जास्त का झाले, आवडते शिक्षक, नावडते शिक्षक, जवळचे मित्र, रोजचा दिनक्रम, पगार कसा खर्च करता. क्रमाने उत्तर द्यायचं. एखादा प्रश्न निसटला तर ‘सर, पुढचा प्रश्न परत सांगाल का’ म्हणायला लाजू नका. ‘तुमच्या कंपनीत काय बदलाल’ असा प्रश्न आला तर ‘सब ठीक है साब’ हे सगळ्यात वाईट उत्तर. लंगरमधल्या वेळेची अडचण असो की रिक्रूटांच्या शिकवणीची, नीट विचार केलेलं एक सांगा, आणि कोणाची चुगली न करता सांगा. ते अधिकारी जवानांना वर्षानुवर्षं ओळखतात. वरवरचं उत्तर त्यांना दारातूनच कळतं.

बातम्या रोज वाचा, फील्डमध्ये असाल तर रेडिओ. आपल्या जिल्ह्याचंही माहीत असू द्या: साताऱ्याच्या मुलाला अपशिंगे मिलिटरी या फौजींच्या गावाची गोष्ट सांगता यावी, सोलापूरच्या मुलाला उजनीच्या पाण्याची.

पाचवा दिवस आणि नंतर

कॉन्फरन्समध्ये सगळे परीक्षक एकत्र बसतात, तुम्हाला आत बोलावून दोन-चार प्रश्न विचारतात आणि दुपारी निकाल. निवड झाली तर पुढे सैनिकी हॉस्पिटलात मेडिकल. कानातला मळ, दात, वजन यांसारख्या बारीक गोष्टींवरून टेम्पररी अनफिट होणारे बरेच असतात, म्हणून युनिटच्या डॉक्टरांना बोर्डाला निघण्याआधीच दाखवून या.

नंबर पुकारला गेला नाही तर परतीच्या गाडीतच वही काढा. कोणती चित्रं आली, किती प्रसंग सुटले, मुलाखतीत कुठे अडखळलात, गटात किती वेळा बोललात, सगळं उतरवा. दोन दिवसांत निम्मं विसरायला होतं. युनिटमध्ये पोचल्यावर कंपनी कमांडर साहेबांना रिपोर्ट देतानाच पुढच्या खेपेचं विचारून ठेवा, आणि वयाचा हिशेब हेड क्लार्ककडून पुन्हा एकदा करून घ्या.