इंदूरच्या ऑफिसात एचआर-अ‍ॅडमिनला रुजू होताय? आधी टाइमशीट शिका

आंतरराष्ट्रीय मदत संस्थेच्या इंदूर ऑफिसात एचआर-अ‍ॅडमिनची खुर्ची मिळाली की पहिल्याच आठवड्यात जो तो विचारतो, ‘ट्रेनिंगचं कॅलेंडर कधी?’ कॅलेंडर थांबेल. आधी मागच्या तीन महिन्यांच्या टाइमशीट, म्हणजे कुणी कोणत्या प्रकल्पावर किती तास काम केलं त्याच्या नोंदी, मागवा आणि शेजारी गाडीचं लॉगबुक उघडून ठेवा. ट्रेनिंगचे पैसे कुठे गळतात ते तिथे दिसतं.

झाबुआ-आलीराजपूर हे आदिवासी जिल्हे सांभाळणारा को-ऑर्डिनेटर घ्या. पगार ४४,०००. प्रत्येक प्रकल्पाचा देणगीदार वेगळा, म्हणून बजेटात त्याच्या पगाराची वाटणी पोषण प्रकल्पावर ५० टक्के, पाण्यावर ३०, स्थलांतरावर २०. महिन्याचे २२ दिवस, १७६ तास, म्हणजे तासाला २५० रुपये. टाइमशीटवर दर महिन्याला ८८, ५२.८ आणि ३५.२ तास. बारा महिने दशांशासकट तेच आकडे! असं काम माणूस करत नाही, आणि ऑडिटरला ते पान उलटायच्या आधी कळतं.

प्रत्यक्षात त्या महिन्यात पाणी समित्यांच्या बैठका लागल्या. खरे तास पोषण ६४, पाणी ९६, स्थलांतर १६. खरा खर्च १६,०००, २४,००० आणि ४,०००. खात्यात पडला २२,०००, १३,२०० आणि ८,८००. म्हणजे पोषणाच्या देणगीदाराकडून ६,००० आणि स्थलांतरवाल्याकडून ४,८०० जास्त घेतले. हे १०,८०० ऑडिटात नामंजूर होतात. पाण्याचं अनुदान तोवर बंद झालेलं असेल तर तिथून मागता येत नाहीत. हीच चूक दहा जणांची वर्षभर चालली, तर १२,९६,०००. भरायचे कुठून? संस्थेच्या मोकळ्या, म्हणजे कुठल्याच प्रकल्पाला न बांधलेल्या निधीतून. आणि ऑफिस स्टाफच्या ट्रेनिंगला बहुतेक वेळा तोच निधी असतो. मग वर्षअखेरीस ‘यंदा ट्रेनिंगला बजेट नाही’ असा मेल येतो आणि शिव्या एचआरला बसतात.

यात लबाडी क्वचितच असते. पगार २५ तारखेला काढायचा, म्हणून टाइमशीट २० ला गोळा करतात. उरलेले दिवस अंदाजाने भरायचे असतात, तर हात आपसूक बजेटाच्या टक्क्यांकडे जातो. पुढे कुणीतरी एक्सेलमध्ये फॉर्म्युला टाकून ठेवतो. हा फॉर्म्युला दिसला की त्याच दिवशी उडवा. अमेरिकी सरकारी अनुदानाच्या नियमांत तर साफ आहे की बजेटातला अंदाज हा पगाराचा पुरावा होत नाही. तात्पुरती नोंद अंदाजाने करता येते, पण नंतर ती खऱ्या तासांवर आणावी लागते.

म्हणून पगाराची प्रकल्पांवरची वाटणी आधी अंदाजाने करा, टाइमशीट महिना संपल्यावर ३ तारखेला बंद करा आणि फरकाची नोंद पुढच्या महिन्यात अकाउंट्सला द्या. ज्याचं काम त्यानेच भरायचं, आणि सही अशा वरिष्ठाची ज्याने ते काम पाहिलं आहे; भोपाळ-दिल्लीत बसलेल्या साहेबाची नको. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी छोटी सही, व्हाइटनर नाही. रजेचे तास काम केलेल्या तासांच्या प्रमाणात वाटायचे: १६० तासांपैकी ६४ पोषणाचे असतील, तर १६ तास रजेतले ६.४ पोषणावर. सुरक्षा किंवा आचारसंहितेसारखं सगळ्यांसाठीचं ट्रेनिंगही तसंच वाटा. एका प्रकल्पाचंच ट्रेनिंग असेल तर पूर्ण त्याच प्रकल्पावर. टाइमशीट, लॉगबुक, हजेरीपट आणि प्रवासाचं बिल, चारही कागदांवर माणूस एका दिवशी एकाच गावात दिसला पाहिजे.

घाबरू नका. दोन महिने लोक कुरकुर करतात, तिसऱ्या महिन्यात शुक्रवारी संध्याकाळी दहा मिनिटांत भरून मोकळे होतात.

बाकी गोष्टी त्या मानाने सोप्या. परदेशी निधी असेल तर २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. ट्रेनिंगचा खर्च प्रशासकीय धरला जाणार की प्रकल्पाचा, हे हॉल बुक करण्याआधी अकाउंट्सला विचारा. खरं तर या क्षेत्रात गुरू करायचाच असेल तर फायनान्सवाल्याला करा. ‘मेंटॉर’ म्हणून मिळालेला वरिष्ठ तुमच्या मूल्यमापनावर सही करतो. त्याच्यापुढे ‘मला हे येत नाही’ म्हणणार कोण?

हॉटेलातल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेवर माझा फारसा विश्वास नाही. नव्या फील्ड वर्करला जुन्याबरोबर सहा दौरे करू द्या. पहिले दोन नुसते पाहायचे, पुढचे दोन मिळून, शेवटचे दोन एकट्याने आणि जुना मागे बसून. आणि होळीआधीच्या भगोरिया या आदिवासी जत्रांच्या आठवड्यात झाबुआकडे ट्रेनिंग ठेवू नका. खुर्च्या रिकाम्या राहतील, जेवणाचं बिल मात्र पूर्ण येईल.

मुख्यालयाची धोरणं नाव बदलून चिकटवणं हा सगळ्यात महागडा शॉर्टकट, कारण इथला कायदा वेगळा. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागते, आणि मोजताना कंत्राटी व स्वयंसेवकही धरायचे. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. तक्रार तीन महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत. आलीराजपूरहून रात्री परतणारी ऑफिसची जीपसुद्धा या कायद्यात कामाची जागा आहे, हे ड्रायव्हरपासून सगळ्यांना हिंदीत, दोन पानांत सांगा. गावातल्या लोकांचं आपल्या स्टाफकडून शोषण होऊ नये, यासाठीचे नियम वेगळे. दोन्हींचं एकच पोस्टर करू नका, गावातल्या बाईला तक्रार कुठे करायची ते कळत नाही.

स्वतःचंही पाहा. इथला करार अनुदानाला बांधलेला असतो. २० जानेवारी २०२५ च्या आदेशाने अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी गोठवली, तेव्हा जगभर चांगली मूल्यमापनं असलेली माणसंही घरी बसली. अनुभवाचं पत्र करार संपायच्या महिनाभर आधी मागा, त्यात प्रकल्पाचं नाव, कालावधी आणि तुम्ही किती जणांचं काम सांभाळलं ते लिहून घ्या. प्रकल्प बंद झाल्यावर सही करायला त्या ऑफिसात कुणी उरत नाही.