चढावर गिअर अडखळला तेव्हा

डिसेंबरात सायकलच्या लांब पल्ल्याच्या सरावासाठी दापोलीहून दाभोळ गाठलं आणि फेरीबोटीने खाडी ओलांडून धोपाव्याला उतरलो. गुहागरकडचा चढ लागताच चेन मागच्या मोठ्या चक्रीवर चढेना, नुसती कटकट. गिअरची केबल नवी होती. नवी केबल सुरुवातीला थोडी सैल पडतेच. मागच्या डिरेल्यरमध्ये (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) केबल शिरते तिथला नॉब, मागून पाहत, घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवला. मागचं चाक उचलून, हाताने पेडल फिरवत गिअर बदलून पाहिले. मग आणखी थोडासा. कटकट बंद! डिरेल्यर दोन्ही टोकांना कुठवर सरकेल ते ठरवणाऱ्या लिमिट स्क्रूला मात्र हात लावला नाही. लोक आधी तेच पिळतात. एवढ्याने जमलं नाही तर हँगर, म्हणजे डिरेल्यर फ्रेमला जिथे बसतो तो तुकडा, वाकलाय का बघा. बोटीत सायकल आडवी ठेवायचीच असेल तर डाव्या कुशीवर, डिरेल्यर उजवीकडे असतो.