शौचाचा नमुना उन्हात बिघडू नये म्हणून: खान्देशातल्या बालरुग्ण अभ्यासासाठी

क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्याच्या दीर्घ दाहाचे आजार. मुलांमध्ये त्यांचा अभ्यास करताना पहिली गाळणी असते शौचातल्या कॅलप्रोटेक्टिनची. आतड्याच्या अस्तराला सूज आली की तिथे जमलेल्या पांढऱ्या पेशींतलं हे प्रथिन शौचात उतरतं. चाचणी अवघड नाही. घोळ होतो तो घर ते प्रयोगशाळा या वाटेवर.

आधी संमती. आईवडिलांची लेखी हवी. 7 ते 12 वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि 12 ते 18 मध्ये मुलाचा स्वतःचा लेखी होकारही लागतो. घरात अहिराणी बोलत असतील तर अहिराणीत, धडगावकडे पावरीत समजावून सांगा. नुसता कागद वाचून दाखवला की झालं, असं नाही.

नुकतेच जुलाब झाले असतील तर नमुना दोन-तीन आठवडे पुढे ढकला. साध्या संसर्गानेही आकडा चढतो. ताप-दुखण्यावरच्या आयब्युप्रोफेननेही चढतो. औषधाचं नाव घरच्यांना आठवेलच असं नाही, म्हणून बाटलीच बघायला मागा. 4 वर्षांखालच्या मुलांचा आकडा मुळातच जास्त असतो, त्यांना मोठ्यांचा निकष लावू नका.

शक्यतो सकाळची पहिली शौच घ्या, कोरड्या पसरट भांड्यात. लघवी किंवा पाणी मिसळलं तर नमुना बाद. झाकणाच्या चमच्याने दोन-तीन ठिकाणचा मिळून मध्यम बोराएवढा नमुना डबीत भरा. नाव, तारीख, वेळ डबीच्या अंगावर लिहा. झाकणं अदलाबदल होतात.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांवर जातो आणि मोटारसायकलची डिक्की त्याहून तापते. तापलेल्या नमुन्यातलं प्रथिन मोडतं, आकडा खोटा कमी येतो आणि खरा आजारी मुलगा निरोगी ठरून अभ्यासातून सुटतो. म्हणून थर्माकोलच्या पेटीत जेल पॅक ठेवा, तापमान 2 ते 8 अंश राखा आणि नमुना शक्यतो त्याच दिवशी पोचवा. आतड्यातल्या जिवाणूंचाही अभ्यास असेल तर वेगळी नळी लागते: उणे 80 अंशांवर ठेवायची किंवा जतनद्रव असलेली. घरच्या फ्रीजरवर भिस्त ठेवू नका. वीज गेली की नमुना वितळतो, आली की पुन्हा गोठतो. असा नमुना कामाचा नाही.

चार वर्षांवरच्या मुलात 50 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमखाली आकडा असेल तर दाहाची शक्यता कमी. 50 ते 250 असेल तर पुन्हा तपासा. 250 च्या वर गेला तर मुलाला बालपचनरोगतज्ज्ञाकडे पाठवा, पण आजाराचं नाव घरच्यांना सांगू नका. आतड्याचा क्षयरोग लहान आतड्याच्या शेवटच्या भागात क्रोन्ससारखाच दिसतो. दुर्बिणीने आतड्याचा तुकडा घेऊन क्षयाची तपासणी होण्याआधीच क्रोन्स समजून स्टेरॉइड सुरू झाले तर क्षय पसरू शकतो.

सोबत वजन, उंची आणि तीन दिवसांची आहारवही घ्या. त्यात एक दिवस सुट्टीचा असू द्या. 'भाजी-भाकरी' एवढीच नोंद निरुपयोगी. भाकरी कळण्याची (उडीद घालून दळलेल्या पिठाची) की नुसत्या ज्वारीची, शेवभाजी किती वाट्या, खिचडीवर कच्चं तेल किती चमचे, हे विचारा. पाकिटातला खाऊ खाल्ला असेल तर रिकामं पाकीट वहीला टाचून ठेवायला सांगा. त्यावरचे घटकच पुढे लागतात, आणि मुलं खाऊचं नाव 'कुरकुरीत' एवढंच सांगतात.