लंडनात इलेक्ट्रिक गाडी घेताय? आधी हे बघा

लंडनला नवीन आलेल्यांचा गोंधळ इथेच होतो, युलेझ (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा रोजचा आकार) आणि कंजेशन चार्ज (गर्दीच्या भागात गाडी नेण्याचा रोजचा आकार) हे दोन वेगळे प्रकार आहेत बरं का. युलेझ 29 ऑगस्ट 2023 पासून पूर्ण ग्रेटर लंडनला लागू झालंय, जुन्या गाडीला दिवसाला 12.50 पाउंड. पेट्रोल गाडी युरो 4 आणि डिझेल गाडी युरो 6 या प्रदूषणाच्या मानकात बसत असेल तर काही भरायचं नाही, इलेक्ट्रिकला तर प्रश्नच नाही. सेकंडहँड घेताना गाडीचा नंबर टाकून टीएफएलच्या (लंडनची वाहतूक संस्था) साइटवर चेक करा, डीलरच्या तोंडी शब्दावर जाऊ नका!

कंजेशन चार्ज फक्त मध्य लंडनात, पण इलेक्ट्रिक म्हणजे फुकट हे आता विसरा, 2026 च्या जानेवारीपासून चार्ज 18 पाउंड झालाय आणि इलेक्ट्रिक कारला 25 टक्के सूट मिळते, तीही ऑटो पेला (पैसे आपोआप कापले जाणारं टीएफएलचं खातं) नाव नोंदवलं असेल तरच, म्हणून ते पहिल्याच दिवशी करून टाका.

घराला ड्राइव्हवे नसेल तर रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबांना चार्जर असतात, भाड्याचं घर बघतानाच ते शोधून ठेवा. ट्रॅफिकमध्ये रीजेन (वेग कमी होताना बॅटरी परत चार्ज करणारी सोय) चालू ठेवा, ब्रेक कमी लागतात. आणि खरं सांगू, मध्य लंडनला जायचं तर ट्यूबच (तिथली मेट्रो) बरी.