गावात पूर आला की नेव्ही-आर्मीला बोलवायचं कुणी आणि कसं

जून लागला की आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात वाड्यावाड्यावर हा प्रश्न निघतोच, दाबोळीला आयएनएस हंसा हा नेव्हीचा हवाई तळ आहे, नेव्हीची हेलिकॉप्टरं तिथेच असतात, पणजीत आर्मीचं सिग्नलचं ट्रेनिंग सेंटर आहे, मग आमदाराला फोन लावला की ती लगेच का येत नाहीत. प्रश्न रास्त आहे. पण याची पद्धत गावात नीट कुणी सांगत नाही, म्हणून पंच, स्वयंसेवक पोरं आणि घरात म्हातारी माणसं असलेल्या सगळ्यांसाठी लिहितोय.

पहिलं हे समजून घ्या की फौज पूर्णपणे केंद्राची. आमदार राहू दे, मुख्यमंत्रीसुद्धा नेव्हीच्या पायलटला थेट हुकूम देऊ शकत नाहीत. पण पुरातून, वादळातून माणसं बाहेर काढायची जबाबदारी राज्याची, आणि जिल्ह्यात कलेक्टरची, २००५ च्या डिझास्टर मॅनेजमेंट अॅक्टप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात. म्हणून मागणी कलेक्टर किंवा राज्य सरकार करतं. काम काय आणि कुठे ते सिव्हिल प्रशासन सांगतं, ते कसं करायचं ते फौजेचा अधिकारी ठरवतो, आणि जवान त्याच्याच हुकमाखाली राहतात. ही वाटणी लक्षात ठेवली की पुढचं सोपं जातं. बोट आली की "आधी आमच्या घराकडे चला" म्हणून जवानाचा हात धरून ओढणारे असतात, ते करू नका, जे सांगायचंय ते तिथे हजर असलेल्या मामलेदाराला किंवा तलाठ्याला सांगा.

आता फोन. आधी ११२ किंवा फायर ब्रिगेडचा १०१, त्याचबरोबर मामलेदार आणि कलेक्टरच्या कंट्रोल रूमला. थेट नेव्हीचा नंबर शोधत बसू नका, तेवढा वेळ फुकट जातो. तातडीची वेळ असेल तर कलेक्टर जवळच्या तळावरच्या अधिकाऱ्याकडे सरळ मदत मागू शकतात, दिल्लीच्या कागदाची वाट बघत माणसं बुडू द्यायची असा काही नियम नाही, कागद मागून पोचतो.

पण फोनवर बोलायचं काय, इथेच सगळं अडतं. २३ जुलै २०२१ ला म्हादईला पूर आला त्या दिवशी मी स्वतः फोन लावला होता आणि एवढंच म्हटलं की पाणी भरलंय, नेव्हीला पाठवा. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, किती माणसं अडकलीत, पाणी कमरेला की छातीला, ओढ आहे का, चालता न येणारं कुणी आहे का, बोट कुठून उतरवता येईल, फायरवाले येऊन गेले का. मला एकाचंही धड उत्तर देता आलं नाही. मी छत्री टाकून घरोघर विचारत धावलो, त्यात बराच वेळ गेला. पलीकडच्या घरातली काकी अंथरुणाला खिळलेली होती हे मला माहीत होतं तरी फोनवर सुचलंच नाही, याचं अजून वाईट वाटतं.

म्हणून आता पावसाआधी एक वही करतो. एका वाड्याला एक पान. घर, माणसं किती, त्यात म्हातारी, गरोदर, डायलिसिसवाली कोण, पोहता कुणाला येतं, साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) पाण्याखाली गेला तर दुसरी वाट कुठली, गुगल मॅपवरचं लोकेशन. फौज मागताना वरच्या साहेबांना हेच सांगावं लागतं, नेमकं काम, नेमकी जागा, आणि आपल्याकडचं काय काय वापरून झालं. "मदत पाठवा" एवढ्या मागणीवर कुठलाच कमांडर माणसं धड पाठवू शकत नाही.

हेलिकॉप्टर येणार असेल तर फुटबॉलचं मैदान बघून ठेवा, पण विजेच्या तारा आणि माड कुठे आहेत ते आधीच कळवा. मैदानावरच्या ताडपत्र्या, पत्रे, रिकामी पोती आधी उचला, पंख्याच्या वाऱ्याने ती उडून वर जातात, आणि पोरांना लांब ठेवा. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यातल्या डोंगरांना आगी लागल्या तेव्हा नेव्ही आणि एअर फोर्सच्या हेलिकॉप्टरांनी वरून पाणी ओतलं, तरी खाली झाडाच्या फांद्या घेऊन आग झोडपायला फॉरेस्टची माणसं आणि गावकरीच होते. फौज आली म्हणून आपण हात बांधून बसायचं असं नसतं.

दंगलीची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी, ती पुरात मिसळू नका. घटनेत पब्लिक ऑर्डर आणि पोलीस राज्याच्या यादीत, आणि सिव्हिलच्या मदतीला केंद्राची फौज लावणं केंद्राच्या यादीत, ती नोंद १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आली. जमाव पांगवायला फौज वापरायची तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ प्रमाणे मॅजिस्ट्रेटचा निर्णय लागतो आणि बळ कमीत कमी वापरायचं असतं. मॅजिस्ट्रेटशी संपर्कच होत नसेल तर कलम १५० खाली फौजेचा अधिकारी स्वतः पाऊल उचलू शकतो, पण संपर्क झाला की परत मॅजिस्ट्रेटचंच ऐकायचं. सुप्रीम कोर्टानेही १९९७ मध्ये नागा पीपल्स मूव्हमेंटच्या केसमध्ये हेच धरलं, फौज मदतीला येते, सिव्हिल सत्तेची जागा घ्यायला नाही. म्हणून सोसायटीतल्या भांडणाला "आर्मी बोलवा" म्हणणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. गोव्याने १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतर जून १९६२ पर्यंत मिलिटरी गव्हर्नर पाहिलाय, मेजर जनरल कँडेथ, तो काळ वेगळा होता, आता निवडून आलेलं सरकार आहे आणि त्यालाच जाब विचारता येतो.

काहीजण म्हणतात अमेरिकेसारखं राज्याचं स्वतःचं दल हवं. तिथे नॅशनल गार्ड एरवी गव्हर्नरच्या हाताखाली असतात, पण म्हणून घोळ होत नाही असं नाही, २००५ च्या कॅटरिना वादळात लुईझियानाच्या गव्हर्नर आणि वॉशिंग्टन यांच्यात गार्डचा ताबा कुणाकडे यावरून ओढाताण झालीच, आणि लोक छपरांवर बसलेले. माझ्या मते आपल्याला नवीन दल नको, फायर ब्रिगेडला जास्त बोटी आणि प्रत्येक पंचायतीत ट्रेनिंग घेतलेली पोरं हवीत.

शेवटचं, परत पाठवणं. फौज सगळ्यात शेवटी बोलवायची आणि सगळ्यात आधी मोकळी करायची. चिखल काढायला, पत्रे बसवायला जवानांना ठेवून घेऊ नका, ते पंचायतीचं आणि पीडब्ल्यूडीचं काम. शिवाय बिल येतं, केंद्राने २०२४ मध्ये केरळकडे एअरलिफ्टचे मिळून १३२ कोटी ६२ लाख मागितले होते. हे ऐकून जीव धोक्यात असताना कुणी मागायला कचरू नये, पण काम संपलं की सरपंचाने मामलेदाराला लेखी कळवायचं, माणसं किती काढली, कुठे ठेवली, अजून कोण सापडत नाही, किती वाजता टीम सुटली. त्याची एक झेरॉक्स वहीत त्याच वाड्याच्या पानाला लावून ठेवा.