पर्ल: फोनच्या जागी 'नाका' का येत होतं

महापेच्या ऑफिसात डिलिव्हरीचा रिपोर्ट पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एका जुन्या स्क्रिप्टवर चालतो, त्यात काही गाड्यांच्या फोनच्या रकान्यात चक्क 'नाका' हे पुढच्या रकान्याचं नावच छापून यायला लागलं आणि त्या रकान्यातलं ऐरोली गायबच. सगळे म्हणाले डेटा खराब आहे, पण डेटा ठीक होता.

हॅश, म्हणजे 'की' (नाव) आणि व्हॅल्यू यांच्या जोड्यांचा साठा, भरताना फोन शोधणारं फंक्शन थेट आत बोलावलं होतं. हॅशच्या कंसात लिस्ट कॉन्टेक्स्ट असतो, म्हणजे फंक्शनने कितीही व्हॅल्यू दिल्या, अगदी एकही नाही दिली, तरी चालतं, आणि नंबर सापडला नाही की ते फंक्शन नुसतं रिटर्न करायचं, म्हणजे लिस्टमध्ये रिकामी लिस्ट, अनडेफ (पर्लची 'काही नाही' सांगणारी व्हॅल्यू) पण नाही! मग पुढचं सगळं एक घर सरकतं, 'नाका' ही 'की' फोनची व्हॅल्यू होते आणि 'ऐरोली' स्वतःच 'की' बनते. वॉर्निंग्ज चालू असतील तर पर्ल विषम संख्येची तक्रार करतं, पण अशी दोन फंक्शन्स रिकामी परतली की संख्या सम होते आणि ते गप्प बसतं, हे खरं घातक.

उपाय म्हणजे कॉलच्या आधी स्केलर (म्हणजे एकच व्हॅल्यू दे) लिहिलं, आता नंबर नसेल तर अनडेफ येतं. फंक्शनमध्येच रिटर्न अनडेफ करू नका, कारण कोणी त्याचा रिझल्ट अ‍ॅरेत घेऊन इफमध्ये तपासत असेल तर एक अनडेफ असलेला अ‍ॅरेही खराच ठरतो, म्हणजे नंबर सापडला असं वाटतं. आणि फंक्शन अ‍ॅरे परत देत असेल तर स्केलरने फक्त मोजणी मिळते, ते आधी बघून घ्या.