कोकणातल्या घरासाठी फोटो प्रिंटर कसा निवडावा आणि शाईचा खर्च कसा काढावा

गणपतीला घर भरतं. गणपतीवर बांधलेल्या माटवीसमोर सगळे एकत्र उभे राहतात, चार मोबाइलमधून फोटो निघतात, आणि चाकरमानी परतले की ते फोटो त्या चार मोबाइलमध्येच राहतात. आजीच्या हातात एकही पडत नाही. घरी फोटो प्रिंटर घ्यायचा विचार बहुतेकांच्या मनात अशाच वेळी येतो, आणि दुकानात गेल्यावर पहिली चौकशी होते ती किमतीची. माझं म्हणणं असं, की किमतीच्या आधी एक गोष्ट ठरवायला हवी: हा प्रिंटर वर्षातले किती महिने नुसता पडून राहणार आहे? शाईवरच्या प्रिंटरमध्ये छापण्यापायी शाई जाते तशी न छापण्यापायीही जाते, आणि घरगुती वापरात हा दुसरा खर्चच जास्त दुखतो.

पायरी १: वर्षाचे फोटो मोजा, आणि रिकामे महिनेही

कॅलेंडर घेऊन बसा. गणपती, दिवाळी, शिमगा, मे महिना, घरातलं एखादं लग्न किंवा बारसं. प्रत्येकापुढे किती फोटो खरोखर कागदावर हवेत ते लिहा. मोबाइलमध्ये हजार असले तरी छापावेसे वाटणारे थोडेच असतात. मग मधले कोरे महिने बघा.

बारा महिने माणसांचा वावर असलेलं घर असेल, मुलांच्या शाळेचे प्रकल्प, सातबाराच्या प्रती, अर्ज अशी बारीकसारीक छपाई चालू असेल, तर शाईचा प्रिंटर तिथे नीट नांदतो. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यापुरतंच कुलूप उघडत असेल, तर अशा घरात शाईचा प्रिंटर ठेवूच नये. तिसरा प्रकार होमस्टेवाल्यांचा. तारकर्ली, देवबाग, गुहागर, गणपतीपुळे या पट्ट्यात पाहुण्यांना जाताना एक फोटो हातात देण्याची कल्पना छान आहे, पण तिथे फोटोमागचा खर्च पैशापैशाने मोजावा लागतो.

पायरी २: यंत्राची जात ठरवा

लेझर प्रिंटर फोटोसाठी सोडून द्या. पत्रं, बिलं, प्रश्नपत्रिका यांना तो उत्तम. चेहऱ्याची कांती त्यात उतरत नाही.

इंकजेट म्हणजे शाईचा प्रिंटर. त्यातला कार्ट्रिजवाला, म्हणजे शाईची तयार डबी बसवायचा, विकत घेताना स्वस्त आणि चालवताना महाग. त्याची एक जमेची बाजू मात्र आहे: अनेक स्वस्त मॉडेलमध्ये छपाईचं हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं. हेड चोक झालं तर कार्ट्रिज बदललं की काम झालं.

टँकवाल्या इंकजेटमध्ये बाटलीने शाई ओततात. शाई खूप स्वस्त पडते, पण हेड यंत्रातच बसवलेलं असल्याने ते बिघडलं तर दुरुस्ती जड जाते. यातही चार रंगांचे आणि सहा रंगांचे असे दोन प्रकार आहेत, आणि फोटोसाठी हा फरक मोठा आहे. चार रंगांच्या काही मॉडेलमध्ये काळी शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाच्या बारीक कणांची, असते. ती साध्या कागदावर ठसठशीत उमटते, पण ग्लॉसी कागदावर धरत नाही. म्हणून फोटो छापताना प्रिंटर ती बाजूला ठेवतो आणि बाकीच्या तीन रंगांतून काळा तयार करतो. रात्रीच्या दशावताराचा फोटो छापून बघा, मागचा अंधार काळा न येता तपकिरीकडे झुकलेला दिसेल. सहा रंगांच्या यंत्रात ही अडचण बरीच कमी होते. एप्सनच्या एल८०५० मध्ये फिका निळसर आणि फिका किरमिजी हे जादा रंग आहेत; कॅननच्या जी५७० आणि जी६७० मध्ये करडा आणि लाल. संध्याकाळचं आभाळ आणि माणसांचे चेहरे यांतली चढउतार त्यामुळे मऊ येते.

चौथी जात आहे डाय-सब्लिमेशनची. कॅननचा सेल्फी सीपी१५०० हे तिचं ओळखीचं उदाहरण. यात ओली शाई नसतेच. फिल्मच्या पट्टीवरचा रंग उष्णतेने कागदावर उतरतो. ते बघायला मजा येते: कागद चार वेळा आत-बाहेर करतो. पहिल्यांदा नुसता पिवळा फोटो, मग त्यावर किरमिजी चढतो, मग निळसर चढून चित्र पुरं होतं, आणि चौथ्या फेरीत पारदर्शक थर बसतो. या थरामुळे ओल्या बोटाने फोटो फिसकटत नाही. पट्टी आणि कागद एकाच संचात येतात, पोस्टकार्ड आकाराचा मोठा संच १०८ फोटोंचा असतो. सहा महिने बंद ठेवला तरी आत वाळून बसेल असं काही नाही. कुलूपबंद घरासाठी, आणि वर्षाला शंभर-दीडशे फोटोच छापणाऱ्या कुटुंबासाठी, माझी पसंती यालाच. फक्त मोठा फोटो यावर निघत नाही, आणि साधा कागद छापता येत नाही.

शाईविना छापणारे खिशात मावणारे छोटे प्रिंटरही मिळतात, २ बाय ३ इंचांच्या चिकटपट्टीसारख्या कागदावर. वाढदिवसाला गंमत म्हणून ठीक. अल्बमसाठी नाही.

पायरी ३: फोटोमागचा खर्च काढा

खोक्यावर "७,५०० पानं" असं काहीतरी ठळक छापलेलं असतं. तो आकडा फोटोंचा नव्हे. रंगीत इंकजेटच्या पानांचं मोजमाप आयएसओ/आयईसी २४७११ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार होतं, आणि त्यातली चाचणीची पानं मजकूर आणि थोडी चित्रं अशी असतात. पांढरा कागद भरपूर उरतो. फोटोत मात्र कडेपासून कडेपर्यंत शाई बसते. फोटोंसाठी वेगळं मानक आहे, आयएसओ/आयईसी २९१०२. माहितीपत्रकात ४ बाय ६ इंचांच्या फोटोंचा आकडा दिला असेल तर तोच धरा.

आता हिशेब. खालचे भाव उदाहरणासाठी धरले आहेत, तुमच्या दुकानातले आकडे त्या जागी घाला. समजा ७० मिलिलिटरची बाटली ७०० रुपयांना, म्हणजे मिलिलिटरला १० रुपये. कार्ट्रिजमध्ये ८ मिलिलिटर शाई आणि किंमत १,००० रुपये, म्हणजे मिलिलिटरला १२५ रुपये. ४ बाय ६ च्या फोटोला ढोबळ पाव मिलिलिटर शाई धरू. टँकमध्ये शाईचा खर्च अडीच रुपये, कार्ट्रिजमध्ये सव्वाएकतीस. फोटो पेपर ४ रुपयांचा धरला तर एकाला साडेसहा, दुसऱ्याला सव्वापस्तीस. फोटोमागे पावणेएकोणतीस रुपयांचा फरक.

टँकवाला २०,००० ला आणि कार्ट्रिजवाला ५,००० ला असेल, तर वरचे १५,००० रुपये साधारण ५२० फोटोंत वसूल होतात. वर्षाला शंभर फोटो छापणाऱ्याला त्याला पाच वर्षं लागतील. होमस्टेवाल्याचे ते एका हंगामात होतील.

स्टुडिओचा दरही या हिशेबात आणा, तो बहुतेक जण विसरतात. कुडाळ, कणकवली, चिपळूण अशा ठिकाणी लॅबमधून फोटो काढून मिळतो. तिथला दर समजा १२ रुपये. घरच्या टँकवर तुमचे साडेपाच रुपये वाचले, तर २०,००० चं यंत्र फिटायला साडेतीन हजारांहून जास्त फोटो छापावे लागतील. म्हणजे नुसते पैसे वाचवायला घरी फोटो प्रिंटर घेणं साध्या कुटुंबाला परवडत नाही. घ्यायचा तो पाहुणे निघायच्या आधी फोटो त्यांच्या पिशवीत पडावा म्हणून, आणि शहरापर्यंतचा हेलपाटा वाचावा म्हणून. हे कारण पुरेसं आहे, पण ते पैशांचं कारण नाही हे ओळखून घ्यावं.

डाय-सब्लिमेशनचा हिशेब सगळ्यात सोपा. १०८ चा संच समजा २,७०० ला मिळाला तर फोटोमागे २५ रुपये. फोटो अंधारातला असो की उन्हातला, पट्टी तेवढीच सरकते. छापलं नाही तर काही जात नाही.

पायरी ४: न छापता जाणारी शाई आवरा

इंकजेटच्या हेडला केसाहून बारीक छिद्रं असतात. ती वाळू नयेत म्हणून प्रिंटर अधूनमधून थोडी शाई ओढून टाकून देतो. बरेच दिवस बंद राहिल्यावर रंगात रेघा येतात, मग आपण क्लिनिंग, म्हणजे हेड साफ करायची आज्ञा, मारतो, आणि प्रत्येक फेरीला शाई जाते. एका फेरीला ३ मिलिलिटर धरले तरी ती वर धरलेल्या हिशेबाने बारा फोटोंची शाई झाली. ही वाया गेलेली शाई आत स्पंजसारख्या पॅडमध्ये साठते, आणि पॅड भरलं की प्रिंटर काम थांबवतो.

त्यामुळे रेघा दिसल्या की आधी फक्त नोझल चेक, म्हणजे छिद्रं तपासायचं चाचणीचं पान, काढा. एक फेरी क्लिनिंग, पुन्हा नोझल चेक. दोन-तीन फेऱ्यांत फरक पडला नाही तर प्रिंटर रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा, पुष्कळदा सुटतं. लागोपाठ क्लिनिंग मारत बसलात तर शाई आणि पॅड दोन्हींचं नुकसान. आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेलं एखादं छोटं चित्र छापलं तर ही वेळ क्वचितच येते.

आपल्याकडची खरी गोम लाईटची आहे. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड सरकत एका कडेला जातं आणि त्याखाली रबराचं झाकण येऊन बसतं. लक्ष देऊन ऐकलं तर शेवटची ती "टक" ऐकू येते. भिंतीवरचं बटण आधी बंद केलं, किंवा छापता छापता लाईट गेली, तर हेड वाटेतच उघडं राहतं. जून-जुलैत वाऱ्यापावसात झाड तारांवर पडलं की लाईट कधी येईल सांगता येत नाही. म्हणून पावसाळ्यात छपाई इन्व्हर्टर किंवा यूपीएसवरच्या प्लगवरून करा. इंकजेट वीज फार खात नाही. तशी सोय नसेल तर लाईट आल्या आल्या प्रिंटर एकदा सुरू करून त्याच्या बटणाने बंद करा, म्हणजे हेड झाकणाखाली जाईल. काम नसताना प्लग काढून ठेवा, विजा चमकत असताना तर नक्कीच.

पायरी ५: दुकानात काय विचारायचं

सर्व्हिस कुठे मिळते हा पहिला प्रश्न. "आहे ना साहेब, सगळीकडे आहे" एवढ्यावर थांबू नका. कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन करून तुमचा पिनकोड सांगा आणि माणूस घरी येतो की यंत्र नेऊन द्यावं लागतं ते विचारा. सिंधुदुर्गातल्या खेड्यातून कोल्हापूरला किंवा गोव्याला यंत्र घेऊन जायचं म्हणजे एक अख्खा दिवस आणि गाडीभाडं.

मग विचारा: वाया शाई साठवणारं पॅड किंवा त्याचा डबा (मेंटेनन्स बॉक्स) घरी बदलता येतो का? वॉरंटीत हेड धरलं आहे का, आणि ती वर्षांवर आहे की पानांच्या संख्येवरही? शाईची बाटली आपल्या बाजारपेठेत मिळते का? बाहेरची स्वस्त शाई ओतल्याने हेड बिघडलं तर वॉरंटीचा दावा अडतो, हेही लक्षात असू द्या.

पेन ड्राइव्हवर स्वतःचे दोन फोटो घेऊन जा, एक रात्रीचा आणि एक उन्हातल्या चेहऱ्यांचा, आणि ते छापून मागा. दुकानात टांगलेला फुलांचा नमुना प्रत्येक प्रिंटरवर सुंदरच येतो.

मुंबईहून घेऊन येणार असाल तर खोकं गावी येऊनच उघडा. शाई भरलेला टँक प्रिंटर गाडीत आडवा-तिरपा झाला तर शाई आत सांडते.

पायरी ६: कागद आणि पावसाळा

दमट हवेत हेड लवकर वाळत नाही, हा कोकणाचा फायदा. पण कागद बिघडतो. फोटो पेपरचं पाकीट उघडं राहिलं की दोन-चार दिवसांत कागद वाकतो, एकाला एक चिकटतो आणि प्रिंटर दोन-दोन ओढतो. लागतील तेवढेच कागद ट्रेमध्ये घाला, उरलेले मूळ पाकिटात परत घालून झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डबा फडताळात वरच्या खणात असावा, ओल येणाऱ्या भिंतीला टेकून नको.

जाड कागद म्हणजे चांगला कागद असं नाही. २०० ते २६० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) दरम्यानचा, आरसी म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेला कागद अल्बमसाठी घ्या. नव्या कंपनीचं मोठं पाकीट घेण्याआधी लहान घ्या. एक फोटो छापा, दुसऱ्या दिवशी त्याच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका आणि बोटाने पुसा. रंग पसरला तर तो कागद पावसाळ्यासाठी नको. प्रिंटरमध्ये कागदाचा प्रकार बरोबर निवडणंही तितकंच गरजेचं. साधा कागद असं निवडून ग्लॉसी घातला तर रंग फिके येतात, डागही पडतात.

छापलेले फोटो लगेच एकावर एक ठेवू नका. पावसाळ्यात एक दिवस पंख्याखाली सुटे पसरून ठेवा, मगच अल्बममध्ये घाला. खारा वारा थेट येतो त्या खिडकीशी प्रिंटर नको, आणि काम झाल्यावर तो थंड झाला की वर सुती कापड टाका. मुंग्या आणि पाली उबेला आत शिरतात.

पायरी ७: छापण्याआधी फोटो तपासा

४ बाय ६ इंचांवर स्वच्छ यायला १,८०० बाय १,२०० पिक्सेल पुरतात, आणि साध्या मोबाइलच्याही मूळ फोटोत त्याहून जास्त असतात. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो मात्र दाबून लहान झालेला असतो. मुंबईच्या भावाला फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा. मोबाइलचा फोटो ४:३ प्रमाणाचा आणि कागद ३:२ चा, म्हणून वरखाली कापला जातो. कडेला उभ्या असलेल्या काकांचे पाय किंवा माटवीवरचे नारळ जाऊ नयेत यासाठी आधी स्वतः चौकट लावून घ्या. पासपोर्टचे ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो एका ४ बाय ६ च्या कागदावर बसतात, तेव्हा दाखल्यांच्या दिवसांत तो एक कागद बराच उपयोगी पडतो.

फ्रेम करणार असाल तर फ्रेमवाल्याला फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंटची जाड पट्टी घालायला सांगा. काचेला टेकलेला फोटो दमट हवेत तिला चिकटतो, आणि मग ओढून काढताना वरचा रंग काचेवरच राहतो.